पळसाईचं लग्न : प्रकल्प नोंदी

१९ ऑगस्ट २०२४
आज राखी. बहिणी येऊन गेल्या, घर रिकामं झालं, म्हणून ही वही काढली. मागच्या वर्षी अर्ध्यात सोडलेलं काम या वर्षी संपवायचं म्हणजे संपवायचं. काम असं की आपले स्वतःचे देव, स्वतःचं पुराण, आणि त्यातली पहिली गोष्ट आवाजात रेकॉर्ड करायची. अर्धा-पाऊण तासाची. पुस्तक आमच्या गावात कोणी हातात धरत नाही पण डवरणी असो की फवारणी, कानात हेडफोन सगळ्यांच्याच असते.

देव आपल्याकडचे पाहिजेत. म्हणजे ढगात महाल अन् सोन्याचं सिंहासन वगैरे नाही, ते टीव्हीवर पाहून पाहून कंटाळा आला. आमचा देव म्हटला तर तो धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा दिसला पाहिजे.

२ सप्टेंबर
पोळा. बैल धुवून, सजवून, तोरणाखालून आणून झाले. नैवेद्यानंतर बसून देवांची यादी केली.

पळसाई : पळसाची देवी. फागुनात अंगावर एक पान नसताना पेटल्यासारखी फुलते ती.
झाकोळ : पावसाळी ढगांचा देव. श्रीमंत, दिसायला भारी, शब्दाचा पक्का नाही. येतो म्हणते अन् वीस दिवस गायब.
धुऱ्या : दोन वावरांच्या मधल्या धुऱ्याचा देव. जागचा हलत नाही, बोलत नाही, भांडणं तेवढी ऐकते.
चांदोबाला घ्यावं की नाही अजून ठरलं नाही. त्याच्या मागे आधीच दक्षाच्या सत्तावीस पोरी आहेत, त्यात एका रोहिणीचेच लाड केले म्हणून सासऱ्यानं क्षयाचा शाप दिला. त्या माणसाला पुन्हा स्थळ म्हणून दाखवायचं म्हणजे अवघडच.

गोष्टीचा सांगाडा : झाकोळ पळसाईला मागणी घालतो, ती नाही म्हणते. पुढं काय ते पुढं.

११ सप्टेंबर
जूनमध्ये आम्ही एक पोरगी पाहून आलो होतो. चहा-पोहे, पोरीचं बीए, माझं बीएस्सी, मग तीन महिने काही नाही. आज मध्यस्थाचा फोन आला, "त्यायले नोकरीवाला पाहिजे म्हणते." हे तिसरं. पहिल्या दोघांनी निदान पंधरा दिवसात सांगितलं होतं.

रात्री एका बैठकीत अख्खा पहिला खर्डा लिहून काढला, बारा पानं. झाकोळाला नकार मिळते, तो गरजतो, शाप देते की तुझ्या मुलुखात सात वर्षं थेंब पडणार नाही, विहिरी आटतात, ढोरं मरतात, शेवटी पळसाई रडत त्याच्या पाया पडते. लिहिताना हात थांबला नाही. जबरदस्त झालं असं वाटून राहिलं.

१२ सप्टेंबर
सकाळी वाचलं. अजूनही जबरदस्तच वाटते.

१८ सप्टेंबर
भुलाबाई बसल्या. आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघरी जाऊन गाणे म्हणतील अन् झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतील. आमच्या घरी चुलतबहिणीनं मातीच्या भुलाबाई-भुलोजी आणल्या, म्हणजे पार्वती अन् शंकर. शेजारी बसून नीट ऐकलं तर गाण्यांमध्ये देवपण कुठंच नाही, सगळं सासर-माहेर, रुसवा, दागिने, जेवण, कोण आलं न्यायला अन् कोणाबरोबर जायचं नाही. देवाला लग्नात आणलं की त्याला घरच्यासारखंच वागावं लागते. हे माझ्या स्क्रिप्टमध्ये अजिबात नाही, माझे देव नुसते भाषणं देऊन राहिले.

२२ सप्टेंबर
वहिनीला पळसाईचा आवाज द्यायचा आहे. तिचा आवाज चांगला आहे, शाळेत असताना वक्तृत्वात बक्षीसं होती. स्क्रिप्ट दिली. तिनं चुलीपाशी बसून भाकरी टाकता टाकता वाचली अन् वही तव्याच्या बाजूला ठेवून दिली.

"भाऊजी, हे मी नाही वाचनार."
"काऊन?"
"पोरगी नाही म्हनली त गावाचं पानी बंद? अन् मंग तिनंच पाया पडाचं? तिचं चुकलं काय ते त सांगा."

मी म्हटलं वहिनी, पुराणात असंच असते. ती म्हणाली, असन. मग भाकरी उलटवली, विषय संपला.

राग आला. जेवलो नाही नीट. मग रात्री वाटलं की पुराणात "असंच असते" हे मी तरी कुठं नीट पाहिलं आहे.

२९ सप्टेंबर
आठवडाभर फक्त हेच केलं, सोयाबीन वाळेपर्यंत तसंही वावरात काम कमी होतं. प्रश्न एवढाच, देवादिकांच्या गोष्टीत नकार दिला की पुढं काय होते.

तुळस अन् गणपती. तुळशीनं मागणी घातली, गणपती नाही म्हणाला. तिनं शाप दिला की तुझं लग्न होईलच, त्यानं उलटा दिला की तू असुराची बायको होशील अन् मग झाड. म्हणून गणपतीला एरवी तुळस वाहत नाहीत. कच-देवयानी. ती म्हणते लग्न कर, तो म्हणतो मी तुझ्या बापाच्या पोटातून निघालो म्हणजे भाऊ झालो. ती म्हणते तुझी विद्या तुला फळणार नाही, तो म्हणते कोणी ऋषिपुत्र तुझ्याशी लग्न करणार नाही, अन् मग ती ययातीच्या घरी जाते आणि तिथं वेगळंच महाभारत. उर्वशी-अर्जुन, तो तिला आईच्या जागी मानते, ती षंढ होशील म्हणते. इथं एक गोष्ट लक्षात आली, शाप देणारे नुसते पुरुषच नाहीत, बायाही तेवढ्याच. ज्याला नाही ऐकावं लागते तो शाप देते, एवढंच.

ग्रीक लोकांचं पण पाहिलं. ॲपोलो डॅफ्नीच्या मागे धावते, तिला तो नको, ती नदीदेव बापाला हाक मारते अन् लॉरेलचं झाड होते. मग ॲपोलो म्हणते बायको नाही तर नाही, माझं झाड तर होशील, अन् तिच्या पानांचा मुकुट घालून फिरते. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हनजे झाड झाली तरी पानं तोडलेच." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक वेगळं सापडलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं दहावं सूक्त, यम अन् यमी. जुळे भाऊ-बहीण. यमी सरळ मागणी घालते, यम नाही म्हणते, चौदा ऋचा नुसतं बोलणं चालते. ती चिडते, म्हणते तू भित्रा आहेस, दुसरी कोणी वेलीसारखी तुला बिलगेल. तो म्हणते तूही दुसऱ्याला बिलग. संपलं. शाप नाही, झाड नाही, दुष्काळ नाही. इतकी जुनी गोष्ट अन् इतकी साधी. म्हणजे होऊ शकते.

४ ऑक्टोबर
आजचा दिवस महत्त्वाचा.

आजीला विचारलं, तुला अशी गोष्ट माहीत आहे का की देवाला नाही म्हटलं अन् देव चिडला नाही. आजी दातात तंबाखू धरून बसली होती, म्हणाली, "दमयंती. आपल्याइकडचीच पोरगी ना ते."

लाज वाटली खरं सांगतो. विदर्भाची राजकन्या, भीमराजाची पोरगी, शाळेत वाचलेली, अन् मी ग्रीसला जाऊन आलो.

रात्री महाभारतातलं वनपर्व काढून नीट वाचलं. स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण, यम असे चार देव निघतात. वाटेत नल भेटते, तोही तिच्यासाठीच चाललेला. देव त्यालाच मध्यस्थ करतात! जा अन् तिला सांग आमच्यापैकी एकाला निवड. (मध्यस्थ लोकांबद्दल माझं मत आधीच चांगलं नाही, पण इथं बिचारा मध्यस्थच फसला.) तो जाते, इमानदारीनं निरोप सांगते. दमयंती म्हणते मी देवांना नमस्कार करते पण वरणार तुलाच, तू देवांसोबतच ये, मी त्यांच्यासमोर निवडीन, म्हणजे तुला दोष लागणार नाही.

मग मांडवात पाच नल. चारही देव त्याच्या रूपात. ती हात जोडून देवांनाच म्हणते की मी मनानं नलाला वरलं हे खरं असेल तर तुम्ही आपली ओळख दाखवा. अन् देव दाखवतात. त्यांना घाम नाही, डोळ्याची पापणी हालत नाही, माळा ताज्या, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचवा घामेजलेला, धुळीनं भरलेला, माळ कोमेजलेली, त्याची सावली पडते, पापणी लवते. तिनं त्याच्या गळ्यात माळ घातली.

हे वाचून मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. घाम अन् धूळ. आपल्या वावरातून आलेला माणूस अन् देव यात तिनं कोणाला निवडलं पाहा. (हो, नल राजा होता, कापूस वेचत नव्हता, मला माहीत आहे.)

आणि खरी गंमत पुढं. नाकारलेले चारही देव वर देतात, प्रत्येकी दोन, म्हणजे आठ. अग्नी म्हणते तू म्हणशील तिथं मी प्रकटेन. वरुण म्हणते तू म्हणशील तिथं पाणी. यम म्हणते तुझ्या हातच्या अन्नाला चव येईल. अन् हेच वर शेवटी कामी येतात! राज्य गेलं, रूप गेलं, नल बाहुक नावानं ऋतुपर्णाकडे नोकरीला, तेव्हा दमयंतीची दासी पाहते की या काळ्या-ठेंगण्या सारथ्यानं नुसतं पाहिलं की भांडी पाण्यानं भरतात, गवताची मूठ आपोआप पेटते, अन् मग दमयंती त्याच्या हातचं चाखते अन् ओळखते. नाकारलेल्या देवांनी दिलेल्या आहेरावर तिचा संसार पुन्हा जुळला.

मग वाईट केलं कोणी? कली. तो स्वयंवराला उशिरा निघाला. वाटेत परत येणारे देव भेटले, म्हणाले झालं लग्न, आमच्या संमतीनंच झालं. ज्यांना नकार मिळाला ते शांत, अन् ज्याला कोणी विचारलंच नव्हतं तो पेटला. बारा वर्षं टपून बसला नलाच्या एका चुकीसाठी.

आपल्या गावात असे किती कली आहेत ते मोजत बसलो तर झोप येणार नाही.

५ ऑक्टोबर
जुना खर्डा चुलीत घातला. नाटक म्हणून नाही, लाकडं ओली होती.

९ ऑक्टोबर
सोयाबीन सोंगणी. थ्रेशर मिळेना. यंदाचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, तो कागदावर. लिखाण शून्य.

१६ ऑक्टोबर
कोजागिरी. भुलाबाई उठल्या, दूध झालं. गच्चीवर बसून नवीन सांगाडा पक्का केला.

झाकोळ वाजतगाजत येते. मागणी घालते. पळसाई म्हणते, तुमचा मान मोठा आहे पण तुमच्या येण्या-न येण्यावर मी माझं फुलणं ठेवणार नाही. म्हणून ती उन्हाळ्याच्या तोंडाला फुलते, आभाळात ढगाचा तुकडा नसताना, जमीन तापायला लागल्यावर. याला मी शाप नाही म्हणणार, ते तिनं आपलं वेळापत्रक वेगळं केलं. पळस खरंच तसाच फुलते, मला काही जुळवावं लागलं नाही, याचा आनंद जास्त.

उशिरा येणारा एक घेतला, करपा. पिकाचा रोग, पानावर ठिपका पडते तो. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो झाकोळाच्या कानाला लागते की तुझा अपमान झाला. झाकोळ त्याला काय म्हणते हा सीन जमत नाही अजून. चार वेळा लिहिला, चारही वेळा झाकोळ कीर्तनकारासारखा बोलायला लागते.

"पळसाला पाने तीनच" यावरून तीन स्थळं, तीन नकार असं काही करावं वाटलं होतं. काढून टाकलं, फार फिल्मी.

२० ऑक्टोबर
करप्याचा सीन जमला. झाकोळ काहीच बोलत नाही. तोंड फिरवते अन् दुसऱ्या गावी बरसायला जाते. दोन ओळी. मला जून ते सप्टेंबर तीन महिने लागले ते, झाकोळाला दोन ओळी. देव आहे शेवटी.

२७ ऑक्टोबर
आता पळसाईचं लग्न करायचं की नाही यावर घरात दोन पार्ट्या पडल्या. चुलतबहीण म्हणते कायले पाहिजे लग्न, एकटी छान आहे. आजी म्हणते गोष्टीत लग्न नसन त मी ऐकत नाही. वहिनी म्हणते, लग्न होऊ द्या पण ती जाईल कुठं ते आधी सांगा.

प्रश्न बरोबर आहे. रुक्मिणी कौंडण्यपूरची, गेली द्वारकेला. आमच्या इथून वर्धा नदी ओलांडली की तिचं माहेर. भागवतात तिचं सात श्लोकांचं पत्र आहे, स्वतः लिहून ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पाठवलेलं, की उद्या शिशुपालाशी लग्न लावून राहिले, मी अंबिकेच्या दर्शनाला गावाबाहेर येते, तिथून न्या. एवढी हिंमतीची पोरगी, पण शेवटी गेली ती गेलीच. भाऊ रुक्मी मागे लागला, कृष्णानं त्याची दाढी-मिशी भादरून सोडला, अन् तोही लाजेनं कौंडण्यपुरात परतला नाही. अजूनही रुक्मिणीची पालखी कौंडण्यपुराहून पंढरपूरला पायी जाते, चारशे वर्षांहून जुनी परंपरा मानतात. लोपामुद्रा विदर्भाची, गेली अगस्त्याच्या आश्रमात, वल्कलं नेसून. (पण तिनं नवऱ्याला साफ सांगितलं की संसार पाहिजे तर माझ्या माहेरासारखी शय्या अन् दागिने आणा, अन् तो महर्षी राजांच्या दारी धन मागत फिरला. हा सीन कोणीतरी विनोदी करून लिहायला पाहिजे.) इंदुमती विदर्भाची, गेली अयोध्येला. दमयंती निषधाला. आमच्याकडून पोरी जायचंच पुराण आहे सगळं.

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलुखातली स्काडी म्हणून देवी आहे, तिला नवरा निवडायला लावला पण फक्त पाय पाहून. तिला पाहिजे होता बाल्डर, सुंदर पाय पाहून निवडला अन् निघाला समुद्राचा देव न्योर्ड. ती डोंगरातली. ठरलं की नऊ रात्री तिच्याकडे, नऊ रात्री त्याच्याकडे. त्याला लांडग्यांच्या आवाजानं झोप येईना, तिला समुद्रपक्ष्यांच्या. वेगळे झाले. शाप-बिप काही नाही, झोप झाली नाही म्हणून. यापेक्षा खरं कारण मी कुठल्याच पुराणात वाचलं नाही.

मग सुचलं. धुरा. धुरा ना या वावरातला ना त्या. माहेर नाही, सासर नाही. अन् पळस उभा कुठं असते? धुऱ्यावरच, आमच्या तिन्ही धुऱ्यांवर आहे. म्हणजे पळसाईला कुठं जायचंच नाही, ती जिथं उभी आहे तिथंच नवरा. धुऱ्यानं मागणी कधी घातलीच नाही, तो बोलतच नाही, तीच विचारते. धुऱ्या फक्त "हो" म्हणते. अख्ख्या गोष्टीत त्याचा तेवढा एकच शब्द.

हा आवाज माझा.

६ नोव्हेंबर
दिवाळी झाली. रेकॉर्डिंग टेस्ट. बैठकीत भिंतीवरून आवाज घुमते. गोधडी पांघरून करून पाहिलं, वहिनी म्हणाली श्वास कोंडते अन् मी देवी आहे का पेशंट. बाहेर निवडणुकीच्या प्रचाराच्या गाड्या, वीस तारखेला मतदान, दर अर्ध्या तासाला भोंगा. एका टेकमध्ये झाकोळ मागणी घालते अन् मागून कोणीतरी "आपलं बहुमोल मत" म्हणते.

१० नोव्हेंबर
तोडगा सापडला, कापसाची खोली. पहिल्या वेच्याचा कापूस भाव वाढेल म्हणून मागच्या खोलीत छातीइतका भरून ठेवला आहे. आत जाऊन दार लोटलं की स्वतःचा आवाज एकदम कोरडा, जवळचा ऐकू येते, घुमणं बिलकुल नाही, बाहेरचा भोंगाही दबते. लोक स्टुडिओला फोम लावतात, आमच्याकडे हे क्विंटलनं आहे. फक्त अंगाला भयानक खाज सुटते. टेकच्या मधे टेक कमी अन् खाजवणं जास्त.

पंपाची थ्री फेज लाइन रात्रीची असते म्हणून भाऊ रातभर ओलितावर, त्याचा झाकोळ दुपारी घ्यावा लागला. झोपेतून उठलेला आवाज, पण आळसटलेला श्रीमंत देव म्हणून फिट बसला.

१३ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न. आंगणात ऊस उभे केले, आंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. त्या आवाजाचं रेकॉर्डिंग करून ठेवलं, शेवटच्या सीनला मागं वापरतो. गणपतीनं नाही म्हटलेली तुळस, अन् गावातल्या घराघरात तिचं दर वर्षी लग्न लावतात. कोणाला ती गोष्ट आठवत पण नाही मांडवात.

वहिनीनं नकाराचा सीन एका टेकमध्ये दिला. मी लिहिलेलं वाक्य तिनं बदललं. "तुमच्या येण्या-न येण्यावर मी माझं फुलणं ठेवणार नाही" हे तिला जड वाटलं. ती म्हणाली, "तुमी या नाहीत नका येऊ, मी फुलनार." ठेवलं तसंच.

२१ नोव्हेंबर
एडिट. ४१ मिनिटं होतं, ३६ वर आणलं. बारीक "हूं" करत मान हलवायची माझी सवय आवाजात पण पकडली जाते हे नवीन कळलं. धुऱ्याचा "हो" एकोणीस वेळा म्हणून पाहिला, पहिलाच ठेवला.

२४ नोव्हेंबर
आजीला हेडफोन लावून दिला. ओसरीत बसून पूर्ण ऐकलं, मधे दोनदा हसली, एकदा करप्याला शिवी दिली. संपल्यावर हेडफोन काढला अन् पहिला प्रश्न, "जेवन काय होतं लग्नात?"

मी म्हटलं आजी, देवांचं लग्न आहे.
"मंग? उपाशी गेले काय वऱ्हाडी? वरन-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, काहीच नाही? अन् वाढलं कायच्यावर?"

कायच्यावर. पत्रावळीवर, अजून कायच्यावर. अन् पत्रावळ पळसाच्या पानांची. फुलताना जिच्या अंगावर एक पान नसते तीच पावसाळ्यात पानांनी गच्च भरते, म्हणजे पानं दिली कोणी? झाकोळानं. तीन महिने समोर होतं, दिसलं नाही. नाही ऐकून दुसऱ्या गावी गेलेला तो परत येते, लग्नाला नाही, लग्न होऊन गेल्यावर, काही न बोलता बरसते, अन् तिची पानं थाळीएवढी होतात. गावातली पंगत त्याच पानांवर उठते. त्यानं ॲपोलोसारखा पानं तोडून मुकुट नाही केला.

वहिनी वावरात वेचणीला गेली आहे. संध्याकाळी आली की पंगतीचा सीन घ्यायचा, चार मिनिटं पुरे. आजीला पण घेतो, "वाढा वाढा" म्हणायला. कापसाच्या खोलीत बसायला तयार आहे, फक्त खाजवायला मोरपंखाची काडी पाहिजे म्हणाली.